सिग्नलला न दिसलेला ऑटो

समुद्रपूरहून माझ्या शाळेच्या गावाला जायचं तर मध्ये हायवे ओलांडावा लागतो. त्या फाट्यावर सिग्नल बसावा म्हणून निवेदन लिहिणारी मीच होते. आधी तिथे नुसता पिवळा दिवा लुकलुकायचा आणि नागपूरकडून येणारे ट्रक त्याला जुमानत नसत. दुभाजकाच्या फटीत स्कूटी घालून उभी राहायचे, तेव्हा गाड्यांच्या वाऱ्याने हँडल हलायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील तिथेच मोटारसायकलसकट फरफटत गेले, पाय मोडून घरी बसले. मग मी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या.

सिग्नल आला तो साधा नव्हता. हा कॅमेऱ्यावर चालतो, असं बसवणाऱ्यांनी सांगितलं. गावाच्या रस्त्यावर गाडी आली की त्याला आपोआप कळतं, मग तो हायवे थांबवतो आणि तुम्हाला हिरवा देतो. लाल तोडला तर फोटो निघतो, चालान मोबाईलवर येतं. मला हे फार पटलं. मुलांना मी त्यावर चित्रही काढायला लावलं.

होळी झाली आणि सकाळची शाळा सुरू झाली. परतताना बाराचं ऊन. सिग्नलच्या रेषेच्या वीसेक पावलं मागे रस्त्याच्या कडेला मोठा कडुनिंब होता. आमच्याकडे उन्हाळ्यात रेषेवर कोणी उभं राहत नाही, सावली जिथे असेल तिथे थांबतात. त्या दिवशी निंबाखाली एक ऑटो आधीच उभा होता. चालवणारे काका साठीचे, वीस वर्षं गावातल्या बायाबापड्यांना तालुक्याला नेणारे. मी शेजारी स्कूटी लावली. हायवेवरचे ट्रक गेले, रस्ता मोकळा झाला, पुन्हा भरला. आमचा दिवा लालच.

"मॅडम, बिघडलं काय हे?"

"होईल काका, थोडं थांबा."

"कवाचा थांबून राह्यलो मी. पंधरा मिनिटं झाले."

शेवटी ते निघाले, त्यांच्यामागून मीही. संध्याकाळी दोघांनाही चालान आलं. दुसऱ्या दिवशी काका शाळेच्या फाटकाशी मोबाईल घेऊन उभे. "वीस वर्षं झाले मॅडम, पोलिसानं कधी पावती नाई फाडली मायी. काऊन आलं हे?"

मी तक्रारीच्या नंबरवर फोन केला. तिकडचा आवाज शांत होता. "मॅडम, लाल तोडण्याआधी तुमच्या रस्त्यावर एकही गाडी थांबलेली नव्हती."

"मी स्वतः उभी होते."

"सिस्टममध्ये दिसत नाही."

असे तीन फोन झाले. तिन्ही वेळा मी उभी होते आणि तिन्ही वेळा मी नव्हते. चौथ्यांदा काकांना घेऊन मी थेट कंट्रोल रूमला गेले. तिथल्या तरुण इंजिनिअरने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं आणि त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर आमचा फाटा होता. रेषेजवळ एक पिवळी चौकट आखलेली, आणि चौकट रिकामी. चित्राच्या अगदी वरच्या कडेला पानांची सावली आणि एक चाक.

काका उठून पडद्यापाशी गेले. "हे पाहा! हे माया ऑटोचं चाक हाय!"

"बरोबर आहे काका. पण ते चौकटीच्या बाहेर आहे. चौकटीत आलेली गाडीच सिस्टमला कळते."

"मंग तुमी तं पाहून राह्यले ना मले? त्याले सांगा."

इंजिनिअर हसला नाही, हे त्याचं मी चांगलं मानते. चौकट निंबापर्यंत मागे वाढवा, एवढंच आमचं मागणं होतं. त्याला वरून मंजुरी लागेल, तोवर रेषेवर येऊन थांबत जा, असं तो म्हणाला.

आम्ही थांबू लागलो. रेषेवर डांबर इतकं तापायचं की चपलेतून पायाला चटका बसे. हायवेवर गर्दी असली की चौकटीत उभं राहूनही तीन-चार मिनिटं काढावी लागत. एप्रिलमध्ये एकदा काकांच्या ऑटोत दवाखान्यात निघालेली एक म्हातारी होती. रेषेवर थांबलो असताना उन्हाने भोवळ येऊन तिने मान टाकली. मी डब्याच्या पिशवीतली बाटली तिच्या डोक्यावर रिकामी केली, आणि काकांनी मागेपुढे बघून लाल दिव्यातच ऑटो काढला. म्हातारी सावरली. त्याचंही चालान आलं.

मी संतापून लेखी अर्ज दिला. झाड, सावली, चौकट, सगळं नकाशा काढून समजावलं. पंधरा दिवसांनी शाळा सुटल्यावर आले तर निंब जागेवर नव्हता. बुंधा तेवढा उरला होता आणि मजूर फांद्या ट्रॅक्टरवर चढवत होते. फोन केला, तर तुमच्याच अर्जावर कारवाई झाली म्हणाले. झाडामुळे कॅमेऱ्याला गाड्या दिसत नाहीत, अशी नोंद त्यांनी अर्जावर केली होती. अडथळा दूर केला होता. मी फोनवर इतकी ओरडले की फांद्या बांधणारे मजूर माझ्याकडे बघत राहिले.

खरं सांगायचं तर सिग्नल बसल्यापासून त्या फाट्यावर कोणी फरफटत गेलेलं नाही. म्हणून तो काढा असं मी म्हणू शकत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

काकांनी मात्र फाटा सोडला. ते बायांना हायवेच्या अलीकडेच उतरवतात आणि ऑटो वळवतात. पलीकडे दुसरा ऑटो मिळतो. पायी माणसासाठी तिथे दिवा नाही. मी त्यांना म्हटलं, "काका, बाया जीव मुठीत धरून पळतात. हे बरोबर नाही."

"मंग मी काय करू? तुमीच सांगा. तुमीच आणलं ना हे?"



आता बाया कडेला जमलेल्या दिसल्या की मी स्कूटी नेऊन चौकटीच्या बरोबर मध्ये उभी करते. हायवे थांबतो, मला हिरवा मिळतो आणि माझ्या बाजूने त्या ओलांडतात. परवा हिरवा लागला तेवढ्यात एक जण ओरडली, "मॅडम, थांबजा, अजून एक येऊन राह्यली!" मागून लेकरू कडेवर घेतलेली एक बाई धावत येत होती. तेवढ्या वेळात ती पोचणार नव्हती. मी स्कूटी हलवली नाही; चौकटीत गाडी असली की हिरवा पुन्हा लागतोच. हिरवा गेला, लाल लागला, आणि माझ्यामागच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्नवर हात दाबून धरला तो सोडलाच नाही.