यादीतून गेलेली खोली

आमच्या वॉर्डातून महापालिकेत कोण कोण गेलं, हे बाबा गिरणीच्या हिशेबाने सांगायचे. हा कामगार भरती करणाऱ्या जॉबरने उभा केलेला, तो गेटावर गळा फाडून मोठा झालेला, तिसरा निवडून आला आणि दादरला फ्लॅट घेऊन गेला तो परत फिरकलाच नाही. इतिहास एवढाच. दर वेळी माणसं जिने चढून मतं मागायला आली, दर वेळी आम्ही मतं दिली, आणि चाळीच्या संडासाचं दार होतं तसं तुटकं राहिलं.

त्यातली संपाच्या आधीची एक निवडणूक माझ्या डोक्यात रुतून बसली आहे. मी शाळेत होतो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मत द्यायला गेले आणि लगेच परत आले. त्यांचं मत सकाळीच कुणीतरी देऊन गेलं होतं. तिथल्या साहेबाने म्हणे सही दाखवली, झोकदार. बाबा जन्मभर अंगठा लावत आलेले. त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला.

पुढे संप झाला. तो कुणी मागे घेतला नाही, आणि गिरणीचं गेटही आमच्यासाठी उघडलं नाही. मी तोवर कॉलेज अर्धवट सोडून चळवळीतल्या पोरांबरोबर पत्रकं लिहायला लागलो होतो. स्टेन्सिलवर जोरात लिहिलं की कागद फाटतो, हे मला सगळ्यात आधी शिकवलं गेलं. मी शिकलो नाही.

संपानंतर महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा आम्ही आमच्या गल्लीतल्या खाणावळवाल्या मावशीला उभं केलं. तिच्याकडे तिन्ही पाळ्यांची माणसं जेवायची, आणि संपातही तिने कुणाला ताटावरून उठवलं नव्हतं. आमचं म्हणणं सरळ होतं. गिरणीची जागा विकायची झाली तर कागद महापालिकेत फिरणार. तो कागद अडवून धरायला तिथे आपलं एक माणूस पाहिजे. मावशीला निशाणी मिळाली कपबशी. "जल्म गेला भात वाढण्यात, आणि दिलान काय, तर चाय," असं ती स्वतःच हसून सांगायची. ती अपक्ष. समोर जुना नगरसेवक, ज्याच्या पोरांनी बाबांचं मत देऊन टाकलं होतं.

मी ठरवलं, या वेळी बोगस मतदान होऊ द्यायचं नाही. 'मेलेल्यांची मतं बंद करा' हे पत्रक माझंच. नुसतं पत्रक काढून थांबलो नाही. मतदार यादी घेतली आणि चाळीचाळीतून फिरलो. गेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, बदलापूर-डोंबिवलीला गेलेल्या माणसांच्या नावांवर खुणा केल्या. तिसऱ्या मजल्यावर आमच्या गावची खोली होती. गावकीची खोली म्हणजे एका गावाच्या गिरणीकामगारांची, बायकापोरं गावी ठेवून आलेल्यांची. एक पाळी झोपलेली, एक कामावर, एक जेवायला गेलेली. त्या खोलीच्या दाराला कुलूप मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या दिवशी होतं.

संपात पोट भरेना म्हणून सगळे गावी गेले होते. मी खिडकीच्या फटीतून आत पाहिलं. वरच्या फळीवर ट्रंका ओळीने होत्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव. त्या फळीची रीत आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. ट्रंक फळीवर आहे तोवर माणूस खोलीचा. तो गावी वर्ष काढो, दोन वर्षं काढो, त्याच्या जागी दुसऱ्याला घेत नाहीत. खोली सोडायची तर माणूस स्वतः येऊन आपली ट्रंक उतरवतो. मला हे माहीत होतं. पण माझ्या हातात यादी होती, आणि यादीत फळीचा रकाना नव्हता. मी प्रत्येक नावापुढे लिहिलं, 'येथे राहत नाही.'

नावं वगळण्याचे अर्ज मीच भरले, सह्या माझ्या. ऑफिसातून नोटिसा आल्या त्या कुलपावर चिकटवल्या गेल्या. सुनावणीला कोण येणार? पुरवणी यादी आली तेव्हा त्या खोलीच्या सगळ्या नावांवर रेघ होती. पोरांनी माझी पाठ थोपटली. समोरच्यांची एवढी बोगस मतं बसल्या जागी कापली म्हणाले. मीही चहा मागवला.

मावशीला मी काही बोललो नाही. यादी, अर्ज, रकाने तिला कशाला, असं वाटलं. आणि ती मला बोलली नाही. तिने शाळेतल्या एका मुलीकडून गावी पत्रं लिहून घेतली होती: मी उभी आहे, तुम्ही सगळ्यांनी मत द्यायला या. आपल्याच माणसांना बोलवायचं तर ते पोरांना काय विचारायचं, असं तिला वाटलं.

मतदानाच्या सकाळी मी शाळेतल्या केंद्रावर मावशीचा एजंट म्हणून बाकावर बसलो होतो. समोरच्यांचा एजंट शेजारी. उन्हं वर आली तेव्हा रांगेत गावची माणसं दिसली. एस.टी.तून परळला उतरून थेट आलेली, पायावर लाल धूळ, बगलेत पिशव्या. सगळ्यांत पुढे खोलीतला सगळ्यात जुना माणूस, साचेखात्यात मागांवर उभं आयुष्य गेलेला. त्याला सगळे आजोबा म्हणत. मला पाहून त्याने लांबूनच मान हलवली.

साहेबाने नाव विचारलं. बोट यादीवरून खाली आलं आणि थांबलं. नाव कापलंय म्हणाला. आजोबांनी पुन्हा नाव सांगितलं, या वेळी बापाच्या नावासकट, सावकाश, जणू साहेबाला ऐकू येत नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"झिला, तू सांग रे साहेबाक. मी खंय रवतंय?"

नियम माझेच होते. शेजारचा एजंट दाढी खाजवत माझ्याकडे बघत होता.

"यादीत नाव नाही, आजोबा," मी म्हणालो.

"माजी ट्रंक फळयेर आसा," ते म्हणाले. "मगे मी गेलंय खंय?"

साहेबाने पुढचा, पुढचा केलं. त्यांच्या मागचेही एकेक करून तसेच परत गेले. बोटाला शाई लागली नाही तरी सगळेजण बोट पाहत बाहेर पडले.

संध्याकाळी खाणावळीत ते सगळे पंगतीला बसले होते. मी दारात उभं राहून मावशीला सांगितलं. अर्ज माझा, सही माझी, बोगस मतं थांबवायला केलं. एका दमात सांगितलं, सभेत बोलतो तसं. पंगतीतल्या माणसांनी ऐकलं. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मावशी डाळ वाढत होती, ती वाढतच राहिली.

"कोण आसा, कोण नाय, ह्या माका विचारूचा होतास," ती शेवटी म्हणाली. "मी रोज ताटा मांडतंय."

आम्ही हरलो. किती मतांनी ते मी लिहीत नाही, कारण लिहिलं की लोक आकड्याबद्दल बोलायला लागतात. एवढंच सांगतो की त्या फळीवरच्या ट्रंका त्याहून जास्त होत्या. मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. शेजारी बसलेल्या त्या एजंटने मला ओढून गुलाल फासला आणि कानाशी म्हणाला, "आमच्या पोरांना पगार देऊन एवढं काम जमलं नसतं, तू फुकटात केलंस." खोटं काय बोलला? बोगस मतं त्या वेळीही पडलीच. बाबांचं मत वाचलं, कारण ते सकाळी पहिले जाऊन उभे राहिले होते.

गिरणीच्या जागेचा कागद पुढे महापालिकेत फिरला. अडवायला आमचं कुणी नव्हतं.

गावची माणसं दोन दिवस खोलीत राहिली. मी नावं परत घालायचे कोरे फॉर्म घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. पुढच्या निवडणुकीला तरी, असं काहीतरी बोलत होतो. कुलूप काढलेलं होतं. आत सगळे वर बघत उभे होते. आजोबा स्टुलावर चढले होते आणि त्यांनी आपल्या ट्रंकेची एक कडी धरली होती.

मी म्हणालो, राहू द्या ना, मी सगळं परत करून देतो. त्यांनी कडी सोडली नाही. ट्रंक जड होती, फळी उंच, उतरवायला दुसरा माणूस लागतो. बाकीच्यांपैकी कुणी पुढे झालं नाही. कुणी माझी वाटही अडवली नाही.

मी फॉर्म जमिनीवर ठेवले आणि दुसरी कडी धरली.