संगारेड्डी ते नारायणगुडा, चुन्याच्या बाणांमागे

पुण्याहून मच्छलीपट्टणच्या समुद्रापर्यंत सायकलने जायचं ठरलं, तेव्हा बाबांनी एकच अट घातली. वाटेत एकटी पडलीस किंवा रस्ता चुकलीस, तर तिथूनच रेल्वेने परत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेवीस वर्षांची, सहाजणांत सगळ्यात लहान. हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार?

सातव्या दिवशी उजाडताना संगारेड्डी सोडलं. रस्ता चांगला, पण ट्रकवाल्यांना सायकल दिसतच नसावी. पटनचेरूला इडल्या खाल्ल्या, त्यांच्याबरोबरच्या लाल चटणीने डोळ्यांतून पाणी काढलं. मुक्काम हैदराबादेत नारायणगुड्याला, माझ्या काकांकडे. वाटेत बेगम बाजारातून पुढच्या प्रवासासाठी खारीक, खोबरं घ्यायचं होतं. घाऊक बाजार, माल स्वस्त आणि ताजा. पण सायकलने जाणार असाल तर भर दुपारी तिथे शिरू नका.

आमची एक पद्धत होती. म्होरके तात्या, शाळेत पीटी शिकवायचे. प्रत्येक वळणावर ते रस्त्यावर खडूने बाण काढत. मी पंक्चरचं सामान घेऊन सगळ्यांच्या मागे. बाजारात एका हातगाडीने मला अडवलं. ती हलली तेव्हा पुढे कुणीच नव्हतं. वळणावर मात्र जाडजूड पांढरा बाण होता. खडूची एरवी काटकसर करणारे तात्या आज उदार झाले असं वाटलं, आणि मी निघाले.

बाणामागून बाण. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक चक्क भिंतीकडे. तासाभराने अफझलगंजच्या मोठ्या वाचनालयासमोर आले. दहा मिनिटांनी पुन्हा तिथेच. शेवटचा बाण एका खणलेल्या चरात उतरत होता.

चराच्या कडेला बसून डबा खाणाऱ्या मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. "किसकू ढूंढ रै बेटा?"

मी बाणाकडे बोट केलं.

"ये चुना तो टेलिफोन के तार के वास्ते डाले. तुम कायकू पीछे आ रै?"

समोरच एसटीडीचं पिवळं बूथ होतं, काकांचा नंबर खिशात होता. पण काकांना कळलं म्हणजे बाबांना कळलं. समुद्र अजून पाहायचा होता. मी फोन केला नाही.

नारायणगुड्याचा रस्ता विचारला. "पुल पे जाना नक्को, नदी के उस पार चले जाते," मुकादम म्हणाला. "कोठी जाव, वहां से पूछ लेव."

विचारत विचारत काकांच्या दारात पोचले, तर तिथे एकही सायकल नाही. काकूने दार उघडलं. "अगे, तू अकेलीच? बाकीचे किधर राहिले?"

चुकले मी, आणि हरवले ते?

पाऊण तासाने पाचजण आले, घामाने निथळत. ते बेगम बाजारात मला शोधत होते. मी खरं सांगणार तेवढ्यात काका फोनवर बाबांना सांगू लागले, "हौ, पोचले सगळे. आपली तर सगळ्यांच्या आधी आली." त्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आम्हालाच उशीर झाला."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. तरी त्या संध्याकाळी काकूची खट्टी दाल मी पानात तशीच ठेवली.

मच्छलीपट्टणचा समुद्र पाहिला. घरी आले तर बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलेलं, हैदराबादला आमची पहिली आली. ती शर्यत नव्हती असं म्हटलं, तर त्यांना तो माझा विनय वाटला. त्यानंतर त्यांनी कसलीच अट घातली नाही, मी हिमालयात निघाले तेव्हाही नाही. हा विश्वास माझा होता की त्या फोनचा, याचा अजून उलगडा होत नाही.

आता नातवाने त्यांना मोबाईलवर हा ब्लॉग उघडायला शिकवलंय. ओळ न् ओळ वाचतात. म्हणून इथेच लिहिते.

बाबा, त्या दिवशी मी चुकले होते. चांगले दोन तास.