डेबऱ्या पोरींचा ग्लोव्ह

माझी मुलगी डावखुरी. आमच्या वरवट बकालला तिला सगळे डेबरीच म्हणत. लहानपणी प्रसादाला तिनं डावा हात पुढे केला की मी फटकन मारायची. "उजवा कर, उजवा! देव कोपते!" देव काही कोपला नाही. पोरगी कॉलेजात गेली आणि बेसबॉल खेळायला लागली. ऐन वांग्याच्या तोड्याला घरातले दोन हात कमी झाले म्हणून मी कुरकुरले. कुरकुरतच एक मॅच बघायला गेले आणि मलाच त्याचा नाद लागला.

कॉलेजच्या मॅचमध्ये सामान दोन्ही टीमचं मिळून असतं. फिल्डिंग संपली की ग्लोव्ह मैदानातच ठेवायचा आणि समोरच्या टीमच्या पोरीनं तो उचलून घालायचा. उजव्या हातानं फेकणारीचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो. आमच्या पोरीला उलटा हवा, आणि तसा एकही नव्हता. ती चेंडू पकडायची, ग्लोव्ह काढून टाकायची आणि मग त्याच हातानं चेंडू फेकायची. तोवर समोरची पोरगी बेसवर पोचून हसत उभी.

मलकापूरच्या मॅचमध्ये समोरच्या टीममधली एक उंच पोरगी ही कसरत बघत होती. तीही डावखुरी, पण ग्लोव्ह तिचा स्वतःचा. फिल्डिंग संपवून मैदानाबाहेर जाताना तिनं तो माझ्या मुलीच्या हातात दिला. "घाल वं हा. तू बी डेबरीच निघाली!"

पुढची पायरी विद्यापीठाच्या संघाची. निवडीला दोघी एकाच जागेसाठी आल्या, पहिल्या बेसच्या. ग्लोव्ह एकच. मी नवऱ्याला म्हटलं, "आता कायले देते ते पोरगी! आपल्याच पायावर धोंडा कोन पाडून घेते?"

"पाह्य त खरं," एवढंच ते म्हणाले.

ती उंच पोरगी आधी खेळली. खेळून झाल्यावर ग्लोव्हची माती झटकली आणि तो माझ्या मुलीला दिला. त्या दिवशी माझ्या मुलीच्या हातून एकही चेंडू सुटला नाही. संघात ती आली, उंच पोरगी बाहेर राहिली. मला आनंदानं रडू आलं आणि त्या पोरीकडे बघवेना. तिचे उपकार मी जन्मात विसरायची नाही.

देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेसाठी ट्रॅकसूट मिळाला, बॅग मिळाली, नवाकोरा ग्लोव्हही मिळाला, पण तो उजव्या हातानं फेकणारीचा. आता तिथं जाऊन पुन्हा तीच कसरत, या विचारानं मला रात्रभर डोळा लागला नाही.

मलकापूर स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो तर उंच पोरगी धापा टाकत आली. कुणी सांगितलं तिला, कोण जाणे. "हा ने," म्हणत तिनं ग्लोव्ह पुढे केला. "इथं मले आता कायले लागते?"

मी सोबत घेतलेली प्रसादाची पुडी सोडली. तिनं सवयीनं डावा हात पुढे केला, मग माझ्याकडे बघून चपापली आणि उजवा करायला लागली.

"राहू दे वं माय, डावाच कर," मी म्हटलं, आणि त्याच हातावर प्रसाद ठेवला.