डुबीचा पत्थर

माणूस पाहिल्याबरोबर ओळखाले पांढुर्ण्यापासून रामाकोन्यापर्यंत माह्यासारखा कोणी नाही. माह्या लग्नात मी सासरा समजून मांडववाल्याच्या पाया पडलो होतो.

त्याच नजरेनं मी नापवाल्याले ओळखलं. आमच्या डोंगरातल्या नदीवर धरण होणार, वीज होणार, खालच्या वावराईले पाणी जाणार, म्हणून तो मोजमाप कराले यायचा. दुर्बिणीत पाहून पाहून त्याले सवयच लागली होती. चहा पेतानाबी एक डोळा मिटायचा. तुम्ही पाहिला असता तर तुम्हालेबी वाटलं असतं, हा कोणाले तरी इशारा करून राहिला.

"साहेब, माहा बगिचा वाचते का?"

"मी नापतो दादा. ठरवत नाही."

बस, एवढंच. संत्रा देल्ला तर घेतला नाही. फुकटचा संत्रा न घेणारा माणूस दुसरीकडं पोटभर खाऊन आला असन, हा माहा हिशोब.

शेजाऱ्याच्या वावरात त्यानं एकदा नापलं, माह्या बगिच्यात तीनदा. मंग माह्या विहिरीच्या वरतं डुबीचा पत्थर गाडला. पत्थराच्या खालचं सारं धरणाच्या पाण्यात जाणार. म्हणजे माही विहीर गेली, चाळीस झाडं गेली, शेजारी वाचला. आता सांगा, शक येईन का नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळीच सब्बल घेऊन मी तो पत्थर उपटला आन खाली नाल्यापाशी नेऊन गाडला. बगिचा वाचला. पत्थर तेवढा एकदा पायावर पडला.

नापवाला आला. एक डोळा मिटून त्यानं पत्थर पाहिला, मंग माहा फडकं बांधलेला पाय.

"काय झालं?"

"बैलानं पाय देल्ला."

"बैलाले म्हणा, एवढं वजन एकट्यानं उचलू नये."

रपोट केली नाही. पट्टी धरणाऱ्या गड्याले घेऊन पत्थर होता तिथंच नेऊन बसवला. जाता जाता तो गडी मले हळूच म्हणाला, "तीनदा काहून नापलं, माहीत आहे का? साहेब म्हणे, आपलीच चूक निघाली तर याची झाडं वाचतीन."

संत्रा घेऊन मी मागं पळालो. लंगडत पळालो, जीप गेली.

औंदा त्याची बदली झाली. धरण अजून व्हायचंच आहे. नवीन नापवाला दोन्ही डोळे उघडे ठेवते, म्हणून मले त्याचा जास्तच शक येते. काल बायकोले म्हटलं, "याले काही माहीत नाही. पत्थर पुन्हा खाली नेऊन पाहू का?"

तिनं संत्रे निवडता निवडता वरतंबी पाहिलं नाही.

"पाणीबी तुमच्यासारखंच शाळेत नाही गेलं. त्याले तो पत्थर वाचता येणार आहे का?"