झाड मी पुसलेलं नाही

हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांतील तमाम सुजाण नागरिकांस, तसेच आजूबाजूच्या गावांतील पंच, पुढारी, पै-पाहुणे या सर्वांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की – यंदाच्या प्रदर्शनात दारातून शिरल्यावर डाव्या भिंतीवर लागलेल्या माझ्या छायाचित्रातील झाड मी पुसलेलं नाही. ते तिथं नव्हतंच. सबब या विषयावर दुकानात येऊन, साडी न घेता, हसत निघून जाणं ताबडतोब बंद करावं.

हुश्श. आता नीट सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भूत, भानामती, करणी, बाधा... यातल्या कशावर माझा काडीचा विश्वास नाही. मी धंदेवाला माणूस. सुभाष रोडला आमचं साड्यांचं दुकान आहे, आजोबा मिरजेहून आले तेव्हापासूनचं. दिवसभर मी रंग विकतो. मोरपिशी, चिंतामणी, आमसुली, आणि ‘अण्णा, ह्याच्यापेक्षा जरा फिका आंबा कलर दाखवा की’ यातला तो जरा फिका आंबा. सहा दिवस हे केल्यावर रविवारी माणसाला काय हवं असतं? रंग नकोत! म्हणून मी कॅमेरा घेऊन माळामाळानं हिंडतो आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटोतले सगळे रंग काढून टाकतो. काळा, पांढरा आणि मधले राखाडी. त्याच्यासारखं सुख नाही.

यात एक गंमत असते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रंगीत फोटो काळा-पांढरा करताना स्क्रीनवर प्रत्येक रंगाची एक पट्टी येते. निळी पट्टी डावीकडं ओढली की आभाळ काळंकुट्ट होतं. पिवळी डावीकडं ओढली की वाळलेलं गवत, जे एरवी पांढरंफटक दिसतं, ते गडद होतं. म्हणजे भर दुपारचा माळ तुम्ही वादळापूर्वीचा करू शकता. यात फसवणूक नाही. ही कला आहे. असं माझं म्हणणं. आमच्या सरांचं म्हणणं वेगळं.

सर म्हणजे इनामदार सर. सप्तापूरला राहतात, निवृत्त प्राध्यापक, भूगर्भशास्त्राचे. त्यांच्या माडीवरच्या खोलीत आमचं छायाचित्र मंडळ भरतं. दहा-बारा जण, एक पंखा, एक चहाचा थर्मास. आता खोटं कशाला बोलू... मंडळात माझी कीर्ती जरा डागाळलेली होती. तीन वेगवेगळ्या फोटोंत मी बगळ्यांचा एकच थवा चिकटवला होता. एकदा उणकलच्या तळ्यावर, एकदा आळणावरच्या रस्त्यावर आणि एकदा चक्क देवळाच्या कळसावर. सरांनी भिंग लावून बगळे मोजले. प्रत्येक ठिकाणी अकरा, आणि शेवटचा एक मागं पडलेला.

“शेट,” सर म्हणाले होते, “हा अकरावा बगळा तुमच्याकडं नोकरीला आहे काय?”

तेव्हापासून मंडळात नियमच झाला. निसर्गचित्रात उजेड-अंधार काय हवा तो करा, पण फोटोत काही घालायचं नाही आणि फोटोतून काही काढायचं नाही. दुसऱ्यांदा सापडला तो मंडळातून बाहेर. नियम सगळ्यांसाठी होता, पण वाचून दाखवताना सर माझ्याकडंच बघत होते.

तुम्ही म्हणाल, मंडळातून काढलं तर एवढं काय बिघडतंय? मंडळी, दुकानात मी ‘शेट’. घरी मी ‘अहो’. फोटोग्राफर मी फक्त त्या माडीवर आहे. चौदा वर्षं जिना चढतोय.

तर यंदा मार्चमध्ये मी आळणावरच्या अलीकडं एका गावाबाहेरच्या माळावर गेलो. उघडा उताराचा माळ, गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, पलीकडं जंगलाची काळी कड. मधे काहीही नाही. त्या ‘काहीही नाही’च्याच प्रेमात पडलो मी. उत्तरेकडं तोंड करून ट्रायपॉड लावला, पायांच्या जागी तीन दगड ठेवून खूण केली. सकाळी आठला एक फोटो काढला, आणि दिवसभर आसपास भटकून संध्याकाळी पाचला त्याच दगडांवरून दुसरा.

घरी येऊन संध्याकाळच्या फोटोवर बसलो. रंगीतमध्ये नुसतं पिवळं गवत. पिवळी पट्टी डावीकडं ओढली, गवत राखाडी झालं, अजून ओढली... आणि माळाच्या मधोमध एक लांबट काळोखी उमटली. मी म्हटलं, वा! ढगाची सावली असणार. चित्राला काय वजन आलं! खूष होऊन मोठा प्रिंट काढला आणि मंडळात नेला.

सरांनी प्रिंट हातात घेतला. लांब धरला. जवळ धरला.

“शेट, सुंदर आहे.”

चौदा वर्षांत पहिल्यांदा!

“पण झाड कुठाय?”

“कसलं झाड?”

“ज्याची ही सावली आहे ते.”

मी वाकून बघितलं आणि मंडळी, ढग कसला! खाली फळीसारखा सरळ बुंधा, वर दोन मोठ्या फांद्या, मग छत्रीसारखा डेरेदार घेर. एका अख्ख्या झाडाची सावली माळावर उजवीकडं पसरली होती आणि बुंध्याच्या जागी होतं नुसतं गवत.

आमच्या छंदातली सगळ्यात लाजिरवाणी चूक म्हणजे ही. नवशिका माणूस फोटोतला विजेचा खांब पुसतो आणि त्याची सावली पुसायला विसरतो. बालवाडीतली चूक! औषधाच्या दुकानाचे कामत तर मांडीवर थाप मारून ओरडले, “अण्णा, साडी घडी करून ठेवली, पण पदर बाहेरच राहिला की हो!”

सगळे हसले. सर हसले नाहीत. ते जास्त वाईट.

“सर, आईशपथ, तिथं झाड नव्हतं.”

“बगळेसुद्धा तिथं नव्हते,” सर म्हणाले. “उद्या मूळ फाईल घेऊन या. नाहीतर उगाच जिना चढायचे कष्ट घेऊ नका.”

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“खरं सांगा. पुसलंत ना?”

“नाही गं.”

“माझ्याकडं बघून सांगा.”

बघून सांगितलं.

“आता फोटोकडं बघून सांगा.”

फोटोकडं बघितल्यावर मात्र माझा आवाज जरा बारीक झाला, हे कबूल करतो. मला स्वतःचीच शंका यायला लागली होती. बोटांना सवय असते हो... दिसला खांब की पूस!

दुसऱ्या दिवशी दुकान बायकोवर सोपवून कॅमेऱ्यातलं कार्डच सरांच्या पुढ्यात ठेवलं. मूळ फाईल, हात न लावलेली. सरांनी ती त्यांच्या लॅपटॉपवर उघडली. पिवळं गवत. झाड नाही, सावलीही नाही. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर सरांनी स्वतःच्या हातानं पिवळी पट्टी डावीकडं ओढली.

उमटली! बुंधा, दोन फांद्या, घेर. सरांच्या बोटाखाली.

सरांनी पट्टी परत उजवीकडं नेली, पुन्हा डावीकडं ओढली. मग त्यांच्यातला प्राध्यापक जागा झाला. “सोपं आहे. तिथं पूर्वी झाड असणार. पानं कुजून माती बदलली, त्यामुळं गवताचा रंग किंचित वेगळा. डोळ्याला कळत नाही, पट्टीला कळतं.”

मी इतका खूष झालो म्हणता! विज्ञानानं मला सोडवलं. “बरोबर सर! हे बघा, सकाळचाही फोटो आहे. त्यातही असणार.”

सरांनी सकाळचा उघडला. पट्टी ओढली. सावली आली. तोच बुंधा, त्याच दोन फांद्या.

पण डावीकडं.

सकाळी डावीकडं, संध्याकाळी उजवीकडं. सूर्य फिरला तशी सावली फिरलेली. आता माती काय सकाळ-संध्याकाळ कूस बदलते?

सरांनी लॅपटॉप मिटला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “प्रदर्शन रविवारी आहे. परवा माझ्या गाडीनं जाऊ. मी जागा बघेपर्यंत फोटो भिंतीवर लागणार नाही. आणि शेट...”

“काय सर?”

“त्यात तुमची काही करामत निघाली ना, तर मी तुमच्याशी पुन्हा बोलणार नाही.”

गेलो. सरांनी होकायंत्र, टेप, छत्री आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते, ऊन मी म्हणत होतं. माझे तीन दगड जागच्या जागी होते. सरांनी प्रिंट हातात धरून अंदाज घेतला, टेप टाकली आणि गवतात एका जागी काठी रोवली. “तुमच्या फोटोप्रमाणं बुंधा इथं.”

गवत उपसून बघितलं. खोड नाही, खुंट नाही, खड्डा नाही. साधी सपाट जमीन.

तेवढ्यात उतारावरून एक बाई शेळ्या घेऊन आली. साठीची असेल, डोक्यावर पदर, हातात बाभळीची काठी. नाव कृष्णाक्का, माळ त्यांचाच.

“काय बघालाय हो अण्णा तिकडं? जागा घ्यायला आलाय काय?”

“नाही अक्का,” मी म्हटलं. “इथं कधी झाड होतं का?”

“होतं की! करंज. माझ्या सासऱ्यानं लावलेला. तीन वर्षं झाली बघा, वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवा झाला. मग जेसीबी आणून जागा सारखी करून घेतली.”

“कुठं होता नेमका?” सरांनी विचारलं.

ती सरळ चालत आली आणि सरांच्या काठीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. “इथं.”

सरांनी प्रिंट तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा धरला, सुलटा केला आणि मग सावलीवरून हळूहळू बोट फिरवत नेलं. खालच्या एका वाकड्या फांदीशी येऊन बोट थांबलं.

“अय्यो... ही झोक्याची फांदी. माझ्या दोन्ही पोरी हिलाच लोंबकळून मोठ्या झाल्या.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “तुम्हाला कुठं गावला हो हा? आमच्याकडं त्याचा एकपण फोटो न्हाई.”

गावला कसला! मीच तर त्याच्यामुळं गुन्हेगार होऊन आलो होतो. प्रिंट तिला देऊन टाकला. दुसरा काढता येईल.

आणि तेव्हा ते झालं.

आम्ही बोलत होतो, शेळ्यांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. बघतो तर सोळाच्या सोळा शेळ्या काठीभोवती येऊन बसलेल्या. एकमेकींना खेटून, गोल घेरात, डोळे मिटून रवंथ करत. एवढा मोकळा माळ, वर आग ओकणारं ऊन, आणि घेराबाहेर एकही शेळी नाही.

“रोज अशाच बसतात?” सरांनी विचारलं.

“रोजच्या रोज. दुपार झाली की इथंच.” कृष्णाक्कांनी हसून पदरानं तोंड पुसलं. “आता झाड पडलंय म्हणून ह्यास्नी कोण सांगणार?”

ती स्वतःही मग दोन शेळ्यांच्या मधे ऐसपैस बसली आणि कनवटीची पानाची चंची सोडली. “कुंद्री सर, बसा. पान खाणार?”

सर म्हणाले, “ही निव्वळ प्राण्यांची सवय आहे. यात आश्चर्य काहीच नाही.” असं म्हणत छत्री मिटली आणि शेळ्या ओलांडून आत गेले. मी बाहेरच उभा राहिलो. मला फ्रेम दिसत होती ना! शेळ्या, म्हातारी, प्राध्यापक आणि रिकामं आभाळ. आयुष्यात एकदा मिळते अशी फ्रेम. घाम डोळ्यांत उतरत होता, पण मी फोकस करत राहिलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या दुपारच्या फोटोत पट्ट्या सगळ्या ओढून पाहिल्या – नुसत्या काळ्या शेळ्या दिसतात, बाकी काही नाही. पंधरा दिवसांनी सर थर्मामीटर घेऊन पुन्हा जाऊन आले. घेराच्या आत आणि बाहेर पारा सारखाच. मग कॅमेऱ्याला काय दिसलं, शेळ्यांना काय कळतं, आणि सावली सूर्याप्रमाणं फिरली कशी... मला ठाऊक नाही. सरांना ठाऊक नाही. कुणाला ठाऊक असेल तर दुकानात या, चहा पाजतो.

फोटो मात्र भिंतीवर लागला. खाली सरांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘या छायाचित्रात काहीही घातलेले किंवा काढलेले नाही.’ लोक ती वाचतात आणि तरीही मला हसतात. हसोत. माझा जिना शाबूत आहे.

फक्त एका गोष्टीवर सर आता अडून बसलेत. त्या दुपारी आपण तसं काही बोललोच नाही म्हणतात. पण मी कानांनी ऐकलंय आणि कृष्णाक्काही साक्षीला आहेत. सर शेळ्यांमधे मांडी घालून बसले होते, टोपी काढून मांडीवर ठेवली होती, मान मागं टाकून डोळे मिटले होते. मी कॅमेरा डोळ्याला लावून समोर घामाघूम उभा. त्यांनी एक डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि वैतागून म्हणाले –

“अहो शेट, तिथं उन्हात काय उभे राहिलात? सावलीत या की!”