अकरा वर्षांचा अनुभव

त्या गल्लीत त्यांना सगळे अर्जकाका म्हणत. झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल, त्यावर जुना संगणक, आणि तीस वर्षांत त्यांनी नोकरीला लावलेली निम्मी वस्ती! आला त्याला काका 'मेहनती, प्रामाणिक व होतकरू' करून सोडत. मजकूर तयार असे. नाव तेवढं बदलायचं.

एकदा साडेचारच्या सुमाराला एक बाई धापा टाकत आल्या. समोरच्या वृद्धाश्रमात सेविकेची जागा होती. अर्ज पाचपर्यंतच घेणार होते. नवऱ्याचं काम सुटलेलं. ही जागा मिळाली तरच घर तगणार.

"अनुभव?" काकांनी विचारलं.

"काही नाही हो. घरीच होते अकरा वर्षं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ना."

"ओळखीचं, शिफारस करणारं कुणी?"

"नणंद चालेल?"

"नातलग चालत नाहीत. आणि नणंद चांगलं बोलेल?"

"तेही खरंच म्हणा!" बाई हसल्या, मग घड्याळाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "दवाखान्यातल्या सिस्टर यायच्या, महिन्यातून एकदा."

काकांनी तिथल्या तिथे सिस्टरना फोन लावला. बाईंचं नाव ऐकताच पलीकडचा आवाज चढला. "अहो, लिहून घ्या! अकरा वर्षं म्हातारी पडून होती, पण पाठीला एक जखम नाही. एक नाही! माझा नंबर घाला खाली. कुणीही विचारू दे."

काकांची बोटं थबकली. त्यांचे वडील आजारात चारच महिने पडून होते. सेवेला दोघे भाऊ, दोन्ही सुना, वर पगारी माणूस; तरी तिसऱ्या आठवड्यात पाठ सोलवटली होती. चार हजार दिवस! आणि ही बाई म्हणते, काही नाही.

त्यांनी तयार मजकूर सगळा पुसला. सिस्टरचं वाक्य जसंच्या तसं टाइप केलं, खाली नाव, नंबर.

"एवढंच?" बाई धास्तावल्या. "मेहनती वगैरे नको?"

"ताई, याच्यापुढे काय लिहू? माझ्याकडे शब्द नाहीत."

भरल्या नाट्यगृहात थोर नटी आत आल्यावर प्रेक्षक उठतात तसे काका खुर्ची सरकवून उभे राहिले, आणि स्वतः बाईंबरोबर रस्ता ओलांडून गेले. पाच वाजायला सात मिनिटं होती.

वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंनी कागद उभ्यानेच वाचला. चष्मा काढला. बाईंकडे पाहिलं.

"दर किती वेळाने त्यांची कूस बदलायचात?"

"दोन तासांनी."

"आणि रात्री?"

"रात्रीही. अंग तसंच दबतं की."

मेट्रनबाईंनी चष्मा पुन्हा चढवला.

"सोमवारी सकाळी सातला या," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि आमच्या मुलींना जरा शिकवा."