भुसकटाच्या खोलीतली शिंक

लग्न होऊन पिंपळीला आले, तेव्हा आम्हाला निजायला भुसकटाची खोली मिळाली. एका बाजूला बैलांचा कोरडा चारा छतापर्यंत रचलेला, उरलेल्या जागेत आमचं अंथरूण. हे पडल्या पडल्या घोरायचे. माझं नाक बंद, डोळे चुरचुरत, डोळ्याला डोळा लागायचा नाही. पहाट झाली की शिंका सुरू.

त्याचं कुणाला काही नव्हतं, पण ऊस कारखान्याला जायला लागला आणि पंचाईत झाली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गाडीत चढले की मी शिंकायची. शिंक झाली की उतरायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच निघायचं, हा त्यांचा नेम. ते पुन्हा चढायचे, मी पुन्हा शिंकायची. तिसऱ्या तांब्याला बैलसुद्धा माझ्याकडे बघायला लागले.

शेवटी त्यांनी मला बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "यांना भुसकटापाशी झोपवू नका."

"मग भुसकट कुठं ठिवू?" मामंजींनी विचारलं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

गोळीने शिंका थांबल्या आणि झोप अशी लागली की उन्हं वर आली तरी जाग नाही. दुसऱ्या घरी केवढा बोभाटा झाला असता! आमच्याकडे सासूबाई स्वतः चूल पेटवायच्या आणि भांडं वाजलं तर दिरांना दटावायच्या, "हळू. गाडी येशीभाईर जाऊ दे, मग उठंल ती." एवढे लाड माहेरीही झाले नव्हते. मला वाटलं, माणसं मायेची आहेत.

हंगाम संपला, गोळ्याही संपल्या. मी भीत भीत आणखी मागितल्या.

"आता कशाला?" मामंजी म्हणाले. "आता कुठं जायाचं हाय?"

त्या दिवशी मी चुलीपुढे बसून रडले. धुरामुळे असेल, असं सगळे धरून चालले.

पंधरा दिवसांनी मामंजी दिरांसाठी मुलगी बघायला इंदापूरला निघाले. नवं धोतर, नवा फेटा. माझं नाक हुळहुळलं. पदराने शिंक दाबता आली असती. मी पदर सोडून दिला.

चौथ्यांदा उतरले तेव्हा मामंजींनी पाणी मागितलं नाही. फेटा काढून माझ्या हातात दिला, खोलीत शिरले आणि एकटेच भुसकट उपसायला लागले. मग हे गेले, दीर गेले. सासूबाईंनी जमीन सारवून घेतली.

इंदापूरला ते तिसऱ्या दिवशी गेले. कधी गेले, मला कळलं नाही. मी झोपले होते.